साल धरलंय

भवानी पेठ, सोलापूर
१० ऑक्टोबर १९७३

दाजी,

कुंडलिकाचा पायावर डोकं ठिवून नमस्कार. गोजराक्काला सांगा, दसऱ्याला तिकडं यायचं लई मनात होतं, पर जमलं न्हाय. सोनं हितंच वाटलं. गावाकडं केमला म्हाताऱ्या बापाकडं, आबांकडंबी जाता आलं न्हाय.

पत्र लिवायचं कारण असं. आज पगार झाला अन् चिठ्ठीवर नवीनच एक कापाकापी दिसली. इन्कम टॅक्स, सात रुपये तेहेतीस पैसे. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची चिठ्ठी माज्या हातात आली. गिरणीत आमच्या खात्यात ही गोष्ट कळली तवा पोरांनी मला डोक्यावर घ्यायचं बाकी ठिवलं. इमामसाब म्हणतो, "क्या सेठ, तिजोरी किदर रखी?" आता समदे मला सेठच म्हणत्यात.

टाइम ऑफिसात जाऊन इचारलं. कारकून म्हणाला, महागाई भत्ता वाढला, तू जाबर म्हंजी मुकादम झालास, तुजी वर्साची कमाई पाच हजारांच्या वर चाललीय. मी म्हणलं, साहेब, वर्साचं अजून निम्मंच झालंय की. जो पगार अजून हातात आला न्हाय त्याच्यावर टॅक्स कसा? तो म्हणाला, आमी पुढचंबी धरतो. येवडंच बोलून खिडकी लावली.

दुसरी गोष्ट. खोकला काय सोडंना म्हणून विम्याच्या दवाखान्यात गेलो होतो. छातीचा फोटू काढला. डाक्टर म्हणत्यात, कापसाच्या धुरळ्यातनं भाईर नीघ, सहा म्हैने घरी बस अन् औषध खा. विम्यातनं निम्मा पगार बसून मिळतो म्हणं. घरात मथुरा रोज मागं लागलीय, बसा म्हणून. दिवाळीपास्नं बसावं असं मलाबी वाटतंय. पर ह्यांनी पुढचा हिशोब धरलाय अन् मी मधीच बसलो, तर काय हुतंय? कुणाचं देणं अंगावर यायला नको. तुमी साखर कारखान्याचे पगार करता, तुमाला ह्यातलं समदं कळतं. तुमी लिवाल तसं ठरवतो.

छातीचं गोजराक्काला सांगू नका. ती रडत बसंल.

तुमचा
कुंडलिक


नातेपुते
२१ ऑक्टोबर १९७३

चि. कुंडलिक यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. मग गोजरला वाचून दाखवलं (छातीचं सोडून), तीही हसली. आमच्या माहेरचा माणूस कर भरतोय म्हणून शेजारणीला सांगून आली. आता नातेपुत्याच्या पेठेत तू सावकार झालास. ये एकदा आणि पेढे दे.

तर हिशोब असा आहे. सरकारचं साल एप्रिलला सुरू होतं आणि मार्चअखेर संपतं. सहा महिन्यांत तुला जे मिळालं ते एका बाजूला, पुढच्या सहा महिन्यांत मिळेल ते दुसऱ्या बाजूला. दोन्हींची बेरीज करून त्यातून फंडाची सूट वजा केली, की तुझे साधारण पाच हजार चारशे होतात. वरच्या चारशेंवर शेकडा दहा, त्यावर अधिभार, म्हणजे चव्वेचाळीस रुपये. ते उरलेल्या सहा पगारांत वाटले. बसले की नाही तुझे सात रुपये तेहेतीस पैसे? कारकुनाने काही चूक केलेली नाही. त्याने तुझं सबंध साल धरलं आहे. नोकरदाराचं असं साल धरावंच लागतं, कायदाच तसा आहे.

आता तू मधेच बसलास तर? बसलास तर कमाई पाच हजारांच्या आत राहील आणि कर काहीच लागणार नाही. पण कापलेले पैसे मधेच मागायला गेलास तर दारात उभं करणार नाहीत. साल पुरं झाल्याशिवाय सुटका नाही, हे नीट ध्यानात ठेव. मार्चनंतर अर्ज करायचा, तो मी लिहून देईन.

बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. डॉक्टरांना काय, बसून राहा म्हणायला त्यांचं काय जातं? माझं म्हणशील तर नुकता जाबर झाला आहेस, लगेच रजेवर गेलास तर साहेब लोक नाव ठेवतात. रात्री हळद घालून दूध घे आणि विडी कमी कर.

आमचा गाळप हंगाम तोंडावर आला आहे. पत्राला उशीर झाला तर राग मानू नकोस.

तुझा
ज्ञानबा


भवानी पेठ, सोलापूर
४ नोव्हेंबर १९७३

दाजी,

कुंडलिकाचा नमस्कार. दिवाळी साधीच केली. पोरांना कापडं घेतली, सिद्राम आता बारा वर्साचा झाला, त्याला पैली फुल प्यांट घेतली.

तुमचं पत्र आलं, मनातलं कोडं सुटलं. दोन दिस तेच वाचत होतो. साल धरलंय म्हणल्यावर आता बसायचा इचारच न्हाय. डाक्टरांना सांगून आलो, गुढीपाडवा झाला की येतो. ते लई तापले. तापू देत.

तुमी पेठेतली माणसं. तुमच्या वडलांचं बांगड्यांचं दुकान, तुमच्या घरात कुणी कुणाचं साल धरलं न्हाय. म्हणून एक गोष्ट सांगतो. गोजराक्का तवा पाळण्यात होती, तिला आठवत नसंल; मी तर जन्मलोबी नव्हतो, आईकडनं ऐकलेलं हाय.

आबा केमला पाटलाकडं सालगडी होते. पाडवा ते पाडवा. पाडव्याला नारळ, घोंगडं, पायताण मिळायचं अन् उचल घ्यायची, मग वर्सभर मालक म्हणंल ते. त्या साली आबांना भादव्यात ताप आला तो उतरंना. अंगात उभं राह्याची ताकद न्हाय. पाटील दारात आला, म्हणाला, महिपती, साल धरलंयस, ते कोण पुरं करणार? साल मोडता येत न्हाय. उचल तर खाऊन बसलो होतो. मग आमच्या थोरल्या भीमादादाला मोटंवर धाडला. त्याचं वय तवा सिद्रामयेवडंच. पुसाच्या म्हैन्यात पहाटंच्या थंडीत मोट हाकताना पाय घसरला अन् हिरीत गेला. माणसं जमली, बाज सोडली, पर उपेग झाला न्हाय.

तेराव्याला पाटील आला. अजून पाडव्याला अडीच म्हैने बाकी होते. म्हणाला, महिपती, जाऊ दे, राहिलं ते राहिलं. चांगलं म्हणूनच बोलला असंल. पर आबा ते इसरले न्हाईत. अजून कुणी साल म्हणलं की उठून भाईर जातात.

म्हणून म्हणतो, आमच्या घरात एकदा साल मोडलंय. परत मोडायचं न्हाय. मी पुरं करतो. माज्यामागं कुणाला उभं राह्याला लागू नये.

हळदीचं दूध घेतो. विडी सोडली.

तुमचा
कुंडलिक


नातेपुते
२२ डिसेंबर १९७३

चि. कुंडलिक,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला, पण कारखान्याचं गाळप सुरू आहे आणि मान वर करायला वेळ नाही. म्हणून हे कार्ड.

रजेचं खूळ डोक्यातून काढलंस हे उत्तम केलंस. भीमाची हकिगत वाचून वाईट वाटलं. पण होऊन गेलं ते गेलं, जुन्या गोष्टी उगाळून जीव थकतो. मी गोजरला सांगितलं नाही.

एक महत्त्वाचं. महागाई भत्ता जानेवारीत पुन्हा वाढणार म्हणतात. तसं झालं तर तुझा हिशोब पुन्हा मांडतील आणि पुढच्या पगारात जास्त कापतील. घाबरू नकोस, साल तेच, फक्त ओझं वाढलं असं समज. मार्चपर्यंत रेटून ने.

ज्ञानबा


भवानी पेठ, सोलापूर
३ फेब्रुवारी १९७४

दाजी,

नमस्कार. अक्षर वाकडं आलंय, तवा राग धरू नका.

तुमी म्हणला तसंच झालं. ह्या पगारात अकरा रुपये कापले. ओझं वाढलं. इमामसाब म्हणाला, कुंडलिक, तू घरी जा, तुजी पाळी मी वढतो. आता सेठ म्हणत न्हाय. गड्ड्याच्या जत्रंला पोरांना घेऊन गेलो, पर अर्ध्या वाटंत बसलो. मथुरानं पोरांना फिरवून आणलं.

मला दोन गोष्टी कळवा. यंदा पाडवा लवकर हाय, मार्चच्या चोवीसला. मग मी चोवीसला सुटतो का अखेरीला? आठ दिसांचा फरक हाय, तुमाला थोडा वाटंल, मला आता तो लई वाटतो.

दुसरं. समजा माज्यानं पुरं झालं न्हाय, तर सिद्रामला घेतील काय? कायदा काय हाय ते नीट बघून लिवा. ह्या एका गोष्टीनं मला झोप लागत न्हाय.

आबांना काय कळवू नका.

कुंडलिक


नातेपुते
१६ फेब्रुवारी १९७४

चि. कुंडलिक यास आशीर्वाद.

अरे, पाडव्याचा इथे काय संबंध? तू सरकारच्या हिशोबात गुढ्या उभारायला लागलास. सरकारी साल एकतीस मार्चला संपतं, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. एकतीस तारीख पक्की धर.

सिद्रामचं विचारलंस, त्याला आत्ताच कुठे गिरणीत चिकटवतोस? पोरगं हुशार आहे, शिकू दे त्याला. आणि तू कितीही वशिला लावलास तरी अठराच्या आत घेत नाहीत. कायदा कडक आहे. तेव्हा ती झोप उडवू नकोस.

गोजर म्हणते, ह्याच्या अक्षराला काय झालंय, मला सोलापूरला पोचवा. तिला म्हटलं, हंगाम संपला की दोघं जाऊ. एप्रिलमध्ये येतो, तुझा अर्जही तिथेच बसून लिहू.

ज्ञानबा


भवानी पेठ, सोलापूर
२६ मार्च १९७४

दाजींना मथुराचा नमस्कार.

तुमी अन् वन्सं तेराव्याला येऊन गेला. घरात माणसं होती, वन्सं सारख्या रडत होत्या, म्हणून बोलायचं राहिलं. मी चौथीपतूर शिकलेय, चुकंल तितं सांभाळून घ्या.

आमचे मालक खात्यात पडले ते शिमग्याच्या आदल्या दिशी. इमामसाबनं टांग्यातनं घरी आणलं, आबांना केमहून बोलावून घेतलं. तोंडातनं रगात यायलं होतं. ते आधीपास्नंच यायचं, दिवाळीपास्नं, पर मला सांगू दिलं न्हाय. डाक्टर म्हणाले, ह्याला मी आक्टोबरात बस म्हणलं होतं, तवाच बसला असता तर उठला असता. मला इचारलं, का बसला न्हाय? मी काय सांगू? तुमचं पत्र उशाखाली होतं. मरायच्या आदल्या दिशी आबांना म्हणाले, बावीस दिस राहिले हो, आबा. मग सिद्रामकडं बघत राहिले.

आता आबांचं सांगते. सुतक फिटलं अन् दुसऱ्या दिशी पहाटं भोंगा झाला तसे आबा उठले, पटका बांधला, चालू लागले. मला वाटलं देवळात निघाले. ते गिरणीच्या दारात जाऊन उभे राहिले. शिपाई आत सोडंना. म्हणाले, माज्या लेकाचं साल राहिलंय, मी भरायला आलोय. शिपायानं हाकललं, तर रस्त्याच्या पल्याड जाऊन उभे. पाळी सुटूस्तवर तितंच. घरी येऊन पाणी पितात अन् भितीकडं तोंड करून निजतात. अन्नाला हात लावत न्हाईत. म्हणतात, काम केल्याबिगर खाल्लं तर ती उचल हुते.

मी म्हणलं, आबा, परवा पाडवा झाला, साल संपलं. त्या दिशी गिरणी बंद, तरीबी उभे होते. म्हणाले, दाजींनी एकतीस लिवलंय. मालक हातरुणात होते तवा समदी पत्रं त्यांनी मालकाच्या तोंडनं ऐकल्यात, पाठ हाईत. पोरगं अठराच्या आत घेत न्हाईत असंबी दाजींनी लिवलंय, मग राहिलो मीच, असं म्हणतात. सत्तरीचं माणूस, दाजी. उनात पाय भाजतात.

मालकाचा तुमच्यावर लई भरवसा. तुमच्यावर माजा राग न्हाय असं म्हणणार न्हाय. हाय. पर आता त्याचं काय करू? आबांना तुमीच दारातनं हलवू शकता. तुमच्या हातचा कागद द्या, साल भरलं म्हणून. आज टपालात टाकते.

मथुरा


नातेपुते
२९ मार्च १९७४

मथुराबाई,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. सोबतचा वेगळा कागद आबांसाठी आहे, तो त्यांना वाचून दाखवा. हे पत्र दाखवू नका. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, म्हणजे उद्या पोचेल. मीच यायला हवं होतं, पण आबांच्या समोर उभं राहायला तोंड नाही.

कुंडलिकाचं साल कुणी धरलेलं नव्हतं. आम्ही कारकून पगाराचा अंदाज करतो, त्याला साल धरणं म्हणतो. तो कागदावरचा अंदाज होता. कुंडलिक ऑक्टोबरातच घरी बसला असता तर टाइम ऑफिसात एकानेही विचारलं नसतं. विम्याचे पैसे घरबसल्या मिळाले असते आणि कापलेले रुपयेही परत आले असते. भीमाची हकिगत त्याने मला पान भरून लिहिली होती. मी ती वाचली आणि कार्ड लिहिलं. सिद्रामला घेतील काय म्हणून त्याने विचारलं, तेव्हा मला वाटलं, तो पोराला नोकरी मागतोय.

गोजरला मी आज सगळं सांगितलं.

तुमचा राग रास्त आहे.

ज्ञानबा

(सोबतचा कागद)

श्री. महिपती यांस ज्ञानबाचा दंडवत. लिहून देतो की, कुंडलिक महिपती यांचं साल पुरं भरलं. मालकाचं, सरकारचं किंवा आणखी कुणाचं त्यांच्याकडे काही राहिलेलं नाही. त्यांच्या मुलाने वा वडिलांनी कुणाच्याही दारात उभं राहायचं नाही. आबांनी जेवावं. खाली सही केली आहे आणि कारखान्याचा शिक्का मारला आहे.


भवानी पेठ, सोलापूर
२ एप्रिल १९७४

दाजींना मथुराचा नमस्कार.

ड्रायव्हरनं पाकीट तीस तारखंला संध्याकाळी आणून दिलं. तुमचं पत्र मी एकलीनं वाचलं अन् चुलीत घातलं. कागद तसाच घेऊन गिरणीच्या दारात गेले अन् तितंच आबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग शिक्क्यावरनं बोट फिरवलं, म्हणाले, दाजींनी लिवलंय म्हंजी खरं असंल.

पर एकतीसला दिसभर उभे राहिलेच. म्हणाले, कागद आला म्हणून एक दिस चुकवला असं नको. काल सकाळी न उठवता उठले, अंघोळ केली. भाकरी अन् आमटी केली होती, अर्धी भाकरी खाल्ली. सिद्रामला जवळ घेऊन बसले. पैल्यांदाच रडले.

कागद पटक्यात ठिवलाय. आज केमला निघालेत, मी थांबा म्हणलं तर ऐकत न्हाईत. निघताना मला म्हणाले, मथुरा, दाजींना लिव. म्हणावं, कुंडलिकाचं भरलं, लई उपकार झाले. आता असाच एक कागद भीमाचाबी लिवून द्या. त्याचेबी अडीच म्हैने राहिलेत.

मथुरा